माजी मुलगा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी मोटारसायकलचं तेल बदललं आणि दहा वाजता बाबांचा मुलगा या पदावरून मला काढून टाकण्यात आलं. नोटीस नाही, चौकशी नाही, त्रेचाळीस वर्षांच्या सेवेची कुणाला आठवण नाही. बाबा अंगणात आले, इंजिनातली तेल बघायची कांडी ओढून काढली, तिच्या टोकाचा थेंब चिमटीत घेतला, डोळे मिटले आणि बोटं एकमेकांवर चोळली. मग बोटं फडक्याला पुसून माझ्याकडे वळले आणि अतिशय सभ्य आवाजात म्हणाले, "आपण कोण?"

मला वाटलं, गंमत करताहेत. बाबांनी आयुष्यात कधी गंमत केलेली नाही हे मी त्या क्षणी विसरलो.

"बाबा, मी आहे," मी म्हणालो.

"असाल. पण माझ्या घरात मला विचारल्याशिवाय तेल बदललं जात नाही. त्या अर्थी आपण माझे चिरंजीव नसणार. कुणाकडे आला होता?"

आता ही चिमटी काय भानगड आहे ते सांगायला हवं. बाबा चौतीस वर्षं एका छापखान्यात ऑइलमन होते. लांब नळीचा डबा घेऊन यंत्रांमधून फिरायचं आणि लोखंड जिथे लोखंडाला घासतं तिथे वेळेवर तेल सोडायचं, हे त्यांचं काम. तेल कितपत थकलं आहे हे ते चिमटीत धरून सांगायचे. एकदा साहेबांनी प्रयोगशाळेतून अहवाल मागवला तर अहवालच चुकीचा निघाला, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे बाबा. निवृत्त झाल्यावर गल्लीतली माणसं आपापल्या गाडीच्या कांड्या घेऊन आमच्या अंगणात यायला लागली. एकाने दाराला लावायचा रंग आणला, एका बाईंनी दूध आणलं. बाबांनी दोन्ही पदार्थ चिमटीत घेतले, निर्णय दिला, आणि दोघंही समाधानाने घरी गेले.

मोटारसायकल बाबांचीच, एकतीस वर्षांची. मी चालवतो, ते ऐकतात. तिला पहिल्या दिवसापासून एकच तेल, चाळीस नंबर. बाबा हे दोन शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. आणि मी पडलो चष्मेवाला. काचा घासतो, नंबर काढतो, समोरच्या माणसाला चाळिशी लागली आहे हे तो पेपर कसा धरतो त्यावरून ओळखतो. आख्ख्या गल्लीच्या नाकावर मी चाळिशी चढवली, पण बापाच्या नाकावर चढवता आली नाही. "चाळिशी म्हाताऱ्यांना लागते," असं ते बहात्तराव्या वर्षी म्हणायचे. इंजिनाला चाळीस हवं, नाकाला नको. पुढे चाळिशीचाही उपयोग राहिला नाही, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो. हातापाया पडलो, रुसलो, ओरडलो, डॉक्टरांना चहाला घरी बोलावलं. शेवटी एकदाचे हो म्हणाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आणखी लांबवलंत तर मोतीबिंदू दगडासारखा होईल, मग नजर कितपत परत येईल याची मी खात्री देत नाही. त्यांची पुढची मोकळी तारीख चार महिन्यांनंतरची होती.

अशा नाजूक आठवड्यात मला तेल बदलायची बुद्धी झाली. पण माझंही ऐका. गाडी रोज सकाळी चौदा किका मागत होती. दुकानात पोचेपर्यंत माझी पिंढरी माझी राहत नव्हती. नेहमी बाबाच त्यांच्या ठरलेल्या दुकानातून तेलाचा डबा आणायचे, पण हल्ली रस्ता ओलांडताना त्यांना बस आणि भिंत यांतला फरक कळत नव्हता. म्हटलं, आपणच निवडू. तीन दिवस मी तेल निवडत होतो. शेजारचा टायरवाला म्हणाला, महागातलं घाल. समोरचा छत्रीवाला म्हणाला, स्वस्तातलं घाल पण लवकर बदल. माझा मेहुणा म्हणाला, माझ्या कारचं उरलंय ते घेऊन जा. कारचं तेल मोटारसायकलला घातलं की क्लच घसरतो, एवढं मला ठाऊक होतं, त्यामुळे मेहुण्याला मी त्या दिवसापासून ओळखून आहे. मी दहा बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली. हात लांब करून वाचली, पण वाचली. आणि अखेर वीस-चाळीस घेतलं.

"यात चाळीस आहेच की बाबा," मी त्या रविवारी अंगणात समजावायला गेलो. "गार असताना हे विसासारखं पातळ राहतं, म्हणजे गाडी पटकन सुरू होते. तापलं की चाळिसासारखं वागतं. दुहेरी काचेचा चष्मा असतो ना, वरून लांबचं आणि खालून जवळचं, तसं."

"म्हणजे सकाळी एक आणि दुपारी एक," बाबा म्हणाले. "असा माणूस आपण आपल्या घरात ठेवाल का?"

"बाबा, गाडी दोन किकेत सुरू झाली!"

"अभिनंदन," बाबा म्हणाले, आणि आत हाक मारली, "सूनबाई, पाहुण्यांना पाणी दे."

माझी बायको पाणी घेऊन बाहेर आली. ती शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे काही फुटलं तर आधी अंतर ठेवून बघायचं ही तिची सवय. तिने अंतर ठेवून आम्हा दोघांकडे पाहिलं.

"बाबा, हे पाहुणे असतील तर मी कोण?" तिने विचारलं.

"तू सून आहेस."

"पण कोणाची बायको?"

"ते तुझं तू बघ," बाबा म्हणाले. "मी दुसऱ्याच्या संसारात बोलत नाही."

मला वाटलं, जेवणापर्यंत निवळेल. जेवायला बसलो तर बाबांनी मला सगळ्यांत आधी वाढायला लावलं. "लाजू नका," म्हणाले. "आपलंच घर समजा." अंघोळीनंतर मला नवा टॉवेल मिळाला, जो गेली चार वर्षं कपाटात कोणाची तरी वाट बघत होता. माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं, कारण पाहुण्यांची सोय तिथेच. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला मजा आली. त्रेचाळीस वर्षांत त्या घरात माझं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि आता बाबा पंखा किती वेगात ठेवू हे मला विचारत होते. "गधड्या" हा शब्द दिवसभरात एकदाही कानावर आला नाही. संध्याकाळ झाली तशी मला तो ऐकू येईनासा झाल्याचं जाणवायला लागलं. बायकोचं ठीक होतं, ती मला आधीपासूनच 'अहो' म्हणायची, तिच्या बोलण्यात काही फरक पडला नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवसापासून सुरू झाली. बाबा दर दोन तासांनी बायकोला विचारायचे, "आज वार कोणता गं?" मी लक्ष दिलं नाही. मी तेलाच्या विचारात होतो.

सोमवारी ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या होत्या. बाबा गाडीवर माझ्या मागे बसले, पण नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून परक्यासारखे ताठ बसले. दवाखान्यात रक्त झालं, दाब झाला, डोळ्याचं माप झालं. मग कारकुनाच्या खिडकीशी घोडं अडलं. कारकून व्यवस्थित माणूस होता. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या.

"संमतीपत्रावर नातेवाइकाची सही लागेल," तो मला म्हणाला. "रुग्णाशी नातं?"

"मुलगा," मी म्हणालो.

"नाही," बाबा म्हणाले. "मी यांच्या गाडीवरून आलो एवढंच. भला माणूस आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "आजोबा, नातं रुग्णाने मान्य करावं लागतं. हे तुमचे कोण?"

"रविवारी दहापर्यंत मुलगा होते."

कारकुनाला हे अजिबात विचित्र वाटलं नाही. त्याने संगणकावर यादी उघडली. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, इतर. 'इतर' वर बोट ठेवून त्याने पुढच्या रकान्यात सावकाश टंकलं आणि आम्हाला वाचून दाखवलं, "माजी मुलगा. बरोबर?"

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले.

"मग सही चालणार नाही. माजी नातेवाइकाची चालत नाही, विद्यमान लागतो."

"सून सही करेल," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"सून मुलाच्या नात्याने येते," कारकून समजावणीच्या सुरात म्हणाला. "मुलगाच नसेल तर सून कुठून आणायची? गुरुवारी सकाळी नऊपर्यंत विद्यमान नातेवाईक आणा. नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल."

मी बाबांकडे पाहिलं. माझी अपेक्षा होती की आता तरी चेहरा पडेल. चेहरा पडला नव्हता. परीक्षा पुढे ढकलली गेली की वर्गातली मुलं बसतात, तसे ते पाय हलवत बाकावर बसले होते. म्हातारी हाडं लाडीगोडीने वाकत नाहीत, असं मनाशी म्हणत मी दात खात गाडी काढली. एका थेंबापायी हा माणूस आंधळा व्हायला तयार होता, आणि मला त्याचा इतका राग आला होता की रडू येत होतं.

म्हणजे आता एकच उपाय. वीस-चाळीस काढायचं, चाळीस नंबर परत घालायचं, चिमटीकडून मंजुरी घ्यायची आणि गुरुवारी नऊच्या आत पुन्हा मुलगा व्हायचं. मंगळवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी बाबांच्या तेलवाल्याकडे गेलो. त्यांना सगळे थेंबकाका म्हणतात, कारण पन्नास वर्षांत त्यांनी जमिनीवर थेंब सांडलेला नाही. बोळाच्या टोकाला त्यांची एक खोली आहे, भिंतीला डबे, वर एक दिवा, खाली स्वच्छ भुसा.

"काका, बाबांचं चाळीस नंबर द्या," मी म्हणालो.

थेंबकाकांनी आधी दरवाजा लोटला. मग कडी लावली. मग मला स्टुलावर बसवलं.

"वडील कसे आहेत?"

"ठणठणीत. चाळीस नंबर द्या."

"ते नाही," काका हळू आवाजात म्हणाले. "कंपनीने बंद केलं. सात वर्षं झाली."

"मग सात वर्षं बाबा तुमच्याकडून काय नेतायत?"

काकांनी कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली चाळीस नंबरचे अकरा रिकामे डबे होते, धुतलेले, पुसलेले, झाकणाला नवी वायसर लावलेले. त्यांच्या शेजारी एक मोठा कॅन होता. त्याच्यावरचं लेबल मी लांबूनच ओळखलं, कारण तीन दिवस मी तेच वाचत होतो. तीच कंपनी, तेच वीस-चाळीस.

"यातलं त्यात ओततो," काका म्हणाले. "पहिल्यांदा दिलं तेव्हा तुझ्या वडिलांनी इथेच चिमटी घेतली, डोळे मिटले, खूप वेळ चोळलं. माझी पाचावर धारण बसली होती. मग म्हणाले, 'चाळीस.' आता त्यांच्यासारख्या माणसाने चाळीस म्हटल्यावर मी कोण बोलणार? मीसुद्धा दोन-तीन दिवस ते चाळीसच समजत होतो."

मी स्टुलावर बसून राहिलो. सात वर्षं गाडीत वीस-चाळीसच जात होतं. चौदा किका त्याच तेलावर लागत होत्या, आणि रविवारी मी तेच तेल काढून तेच तेल घातलं होतं आणि गाडी लोण्यासारखी झाली म्हणून गल्लीभर सांगत सुटलो होतो. तो अपमान मी गिळला, कारण त्याच्याहून मोठी गोष्ट हाताला लागली होती. बाबांची चिमटी खोटी होती. ज्या बोटांनी मला घराबाहेर काढलं त्यांना काही कळत नव्हतं.

"काकांचा डबा पुढे करायचा आणि गप्प बसायचं," बायकोने घरी मला बजावलं. "जिंकायला जाऊ नका. सही हवी आहे ना?"

बुधवारी दुपारी मी गाडी पाच मिनिटं चालवून गरम केली आणि अंगणात उभी केली. बाबा खुर्ची टाकून बसले होते. मी खाली ट्रे सरकवला आणि सतराच्या पान्याने तळाचा बोल्ट सोडवला. तीन दिवसांचं तेल बाहेर आलं, अजून सोनेरी. ते वाया जाताना बघून जीव तुटत होता. थेंबन्‌थेंब निथळू दिला, तांब्याची चकती बदलली, बोल्ट आवळला. मग थेंबकाकांचा डबा बाबांच्या अगदी डोळ्यांसमोर धरला.

"चाळीस नंबर," मी म्हणालो आणि ओतलं. इतका निरागस चेहरा मी लग्नाच्या फोटोतसुद्धा केला नव्हता.

बाबांनी कांडी मागितली. थेंब चिमटीत घेतला. डोळे मिटले. बोटं चोळायला लागले, हळूहळू, गोल गोल. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आपण हे कुठून आणलंत?" बाबांनी विचारलं.

"आपल्या नेहमीच्या दुकानातून."

"वीस-चाळीस आहे," बाबा म्हणाले.

माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

"रविवारी होतं तेच आहे," बाबा म्हणाले. "आणि सात वर्षं आहे तेच."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आपण मला काय समजता?" बाबांनी डोळे उघडले. "चौतीस वर्षं मी काय पाणी वाटलं?"

"मग सात वर्षं तुम्ही त्याला चाळीस का म्हणताय?"

"तो म्हातारा माझ्यासाठी डबे धुतो. वाळवतो. वायसर बदलतो. मी आत गेलो की त्याचे हात थरथरतात. माणूस माझ्यासाठी एवढं करतो, त्याला मी काय तोंडावर पाडायचं?"

"आणि मला पाडलं तर चालतं?" मी ओरडलोच. "तेच तेल! त्याचं चाळीस, आणि माझं झालं की मी पाहुणा? माझा गुन्हा काय?"

"आपण विचारलं नाहीत," बाबा म्हणाले आणि उठले.

रागाने उठून आत जाण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. पण पायरीच्या अलीकडेच त्यांनी पायरी समजून पाय उचलला आणि तो हवेत गेला. मी धावत जाऊन त्यांना धरलं. भर दुपारी, उन्हात, त्यांचा हात बर्फासारखा गार होता आणि घामाने भिजला होता. तो सोडवून घेत त्यांनी आत जाताजाता बायकोला विचारलं, "आज वार कोणता गं?"

"बुधवार, बाबा."

"म्हणजे उद्या..." ते म्हणाले आणि आत गेले.

मी हातातला डबा खाली ठेवला. बायको माझ्याकडे बघत होती.

"घाबरलेत ते," मी म्हणालो. "मुलगा नसेल तर सही नाही. सही नसेल तर..."

"मला रविवारीच कळलं होतं," बायको म्हणाली. "तुम्ही तेलात बुडाला होता."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. रोज शंभर माणसांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणारा मी, दोन वर्षं बाबांना मोतीबिंदूबद्दल सगळं सांगत होतो. भिंगं, मापं, टक्केवारी. तुम्हाला भीती वाटते का, हे एवढं एक मी विचारलं नव्हतं.

गुरुवारी बाबा पहाटेच अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. "आपण उगीच कष्ट घेताय," म्हणाले. "सही तर व्हायची नाही."

"नाही झाली तर परत येऊ," मी म्हणालो. "फेरफटका होईल."

गाडीने अकरा किका घेतल्या. बाबा मागचा दांडा धरून बसले. दवाखान्याच्या आधी एक मोठं वळण आहे, तिथे एक हात माझ्या खांद्यावर आला. नंतर दुसरा आला. दवाखान्यापाशी गाडी उभी केली तरी ते दोन्ही हात तिथेच होते आणि उतरण्याचं नाव नव्हतं. इंजिन बंद करून मी तसाच पुढे तोंड करून बसलो.

"बाबा, एक विचारू?"

"विचारा."

"भीती वाटतेय का?"

"मला? दोन मजली यंत्र चालू असताना मी आत हात घालत होतो." मग आवाज खाली आला. "डोळ्यात सुई घालतात ना?"

"आधी थेंब घालतात. काही कळत नाही. वीस मिनिटं. मी दाराबाहेर उभा राहणार."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर मला शिव्या घाला."

"दिसणारच नाहीस तर घालू कुणाला?"

'नाहीस' म्हणाले. मी मान वळवली नाही. वळवली असती तर त्यांनी ते परत घेतलं असतं.

"मी बोलतच राहीन," मी म्हणालो. "आवाजाच्या दिशेने घाला."

माझ्या खांद्यावरची बोटं हलायला लागली. अंगठा आणि पहिलं बोट, मधे माझ्या शर्टाचं कापड, हळूहळू, गोल गोल. बराच वेळ ते चोळत होते.

"घाबरलोय रे मी," बाबा म्हणाले.

मी बाबांचा हात खांद्यावरच धरून ठेवला. आम्ही दोघं उभ्या गाडीवर तसे किती वेळ बसलो कोण जाणे. एका माणसाने येऊन विचारलं की गाडी सुरू होत नाही का, धक्का मारू का. बाबा त्याला म्हणाले, "होते. तेल चांगलं आहे."

खिडकीशी नऊला सात मिनिटं कमी असताना पोचलो. कारकुनाने आमची फाईल काढली.

"नातं?"

"मुलगा," बाबा म्हणाले.

कारकुनाने पडद्यावर पाहिलं. "आजी की माजी?"

"आजी कशी असेल? मुलगा म्हणतोय ना मी!"

"तसं नाही. इथे 'माजी मुलगा' अशी नोंद आहे. ती बदलायची तर काही आधार लागेल."

बाबांनी माझा दंड पकडून मला खिडकीच्या अगदी जवळ ओढलं. "आधार काय आधार? हा बघा. गधडा आहे. कुणाला काही विचारत नाही, परस्पर करतो. दुसऱ्या कुणाचा असेल तर सांगा."

कारकुनाने मला नीट न्याहाळलं, मान डोलावली आणि 'माजी' हा शब्द एकेक अक्षर करून पुसला. मी सही केली. फॉर्म वाचायला हात लांब करावा लागला.

वीस मिनिटांची पस्तीस मिनिटं झाली. मी दाराबाहेर उभा राहून बोलत होतो, कारण तसं कबूल केलं होतं. हवापाणी, टायरवाला, मेहुण्याचं कारचं तेल, जे सुचेल ते. एक नर्स दोनदा येऊन मला गप्प बसायला सांगून गेली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आतून आजोबांनी विचारलंय, आवाज का थांबला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. बाबांनी डोळा किलकिला केला, छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी समोरच खुर्चीत होतो, तरी मला शोधत असल्यासारखे ते बघत होते.

"केस कधी पिकले तुझे?" त्यांनी विचारलं.

"झाली की पाच-सहा वर्षं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाबा."

हात पुढे करून त्यांनी माझ्या कानाजवळचे केस चिमटीत धरले आणि चोळून पाहिले. डोळे मात्र उघडे ठेवले. मला वाटलं, आता काहीतरी निर्णय येणार. आला नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि चपला शोधायला लागले.

"टॅक्सी बोलावली असशील."

मी बोलावलेली होती. बायकोला घेऊन ती खाली फाटकाशी उभीच होती.

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला विचारणार होतो. गाडीवर धूळ लागेल डोळ्याला. टॅक्सी बोलावू का?"

बाबांनी खिडकीतून खाली पाहिलं. फाटक, टॅक्सी आणि टॅक्सीच्या दारातून हात हलवणारी सून, सगळं त्यांना स्वच्छ दिसलं असणार. बराच वेळ त्यांनी विचार केल्यासारखं केलं.

"बोलाव रे," ते म्हणाले.